चालून दाखवणारी सुषमाताई

सुषमाताईनं एकदा दोन लॅपटॉप भाजीवालीच्या तराजूत टाकले होते. शंकर नगरच्या भाजीबाजारात, भर संध्याकाळी, वांगी आणि मुनग्याच्या शेंगांच्या ढिगापुढे उभं राहून. एका पारड्यात ऑफिसचा जुना, काळा, जाडजूड. दुसऱ्यात आमच्या सरांनी दिल्लीहून आणलेला नवा, चांदीच्या रंगाचा, मिटला तर पाटीएवढा पातळ.

भाजीवालीनं नव्याकडे निरखून पाहिलं. "ये का हे दीदी? थारी हे का?"

"थाली नहीं है. तू तौल तो सही."

काळ्याचं पारडं धाडकन खाली गेलं. मग ताईनं खांद्यावरच्या झोळीत हात घातला आणि एकेक वस्तू काढून नव्याच्या पारड्यात ठेवायला सुरुवात केली. नव्याला सीडी घालायची खाच नव्हती, म्हणून बाहेरून जोडायचा सीडीचा डबा. प्रोजेक्टरची वायर त्यात बसत नव्हती, म्हणून वेगळी जोडवायर. मग माउस. मग चार तोंडांचा हब. शेवटी, तो फार तापायचा म्हणून त्याच्याखाली ठेवायचा पंख्याचा स्टँड. पारडं हळूहळू उतरत आलं. कोथिंबीर निवडणाऱ्या दोन बायका हातातली जुडी तशीच धरून बघत राहिल्या.

"दूनो बरोबर हे दीदी!" भाजीवाली खूश होऊन म्हणाली.

ताई माझ्याकडे वळली. "पाहिलं? आता सांग मले, हलका कोणता?"

मी मेथीची पिशवी पोटाशी धरून उभी होते. "चल ना ताई, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. फुकटात पाहून राहिले, आपलं काय गेलं?" असं म्हणून तिनं पाव किलो हिरव्या मिरच्या घेतल्या, कारण भाजीवालीचा वेळ घेतला तर काहीतरी घ्यायला पाहिजे, आणि मी पैसे देईपर्यंत ती स्कुटीपाशी पोचलीसुद्धा होती.

सुषमा गजभिये हे तिचं नाव. ऑफिसात सगळे तिला दीदी म्हणायचे, मी ताई म्हणायची. तिचे वडील रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते, भंडाऱ्याकडून बदलून रायपूरला आले आणि इथलेच झाले. ती नागपूरला आर्किटेक्टचं शिकून परत आली तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. ज्या गावात कालपर्यंत साधं कलेक्टर ऑफिस हीच मोठी गोष्ट होती, तिथं आता प्रत्येक विभागाला स्वतःची इमारत पाहिजे होती. भाड्याच्या बंगल्यांवर संचालनालयांच्या पाट्या लागल्या होत्या. आणि गावाबाहेर, शेतं ओलांडून, नवी राजधानी आखली जात होती. जो तो नकाशांच्या गुंडाळ्या काखेत मारून धावत होता.

आमचं ऑफिस शंकर नगरमध्ये एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर होतं. आर्किटेक्ट चोप्रा सर मालक. मी अमरावतीहून लग्न होऊन इथं आलेली, इंटिरिअरची ड्रॉइंग करायची. ऑफिसात मराठी आम्ही दोघीच. पण मराठी आहोत म्हणून मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. तिच्या शेजारची खुर्ची कुणाला नको होती, ती मला मिळाली, म्हणून झाली.

कारण ताई एका जागी बसायची नाही. तिचा गुडघा सतत हलायचा आणि त्यानं माझं टेबल हलायचं, माझ्या रेघा वाकड्या यायच्या. डबा ती गॅलरीत उभ्यानं खायची. चहाचा कप घेऊन जिन्यावरून खाली-वर करायची. फोनवर बोलताना चालता चालता कधीकधी फाटकाबाहेर निघून जायची आणि बोलणं संपल्यावर आपण रस्त्यावर कशा आलो याचं तिलाच नवल वाटायचं. कॉम्प्युटरवर एखादं चित्र तयार व्हायला तासभर लागणार असेल, तर ती तेवढ्यात गोल बाजारला जाऊन आईसाठी तवा घेऊन यायची. सोमवारी आम्ही कामावर यावं तर टेबलांच्या जागा बदललेल्या. सर चिडायचे. ताई म्हणायची, "सर, उजाला इधर से आता है. मैं क्या करूँ?"

तिचं काम मात्र चालण्याचंच होतं. इमारत बांधायच्या आधी तिच्यातून फिरून आल्यासारखं पडद्यावर दाखवायचं, त्याला आमच्यात वॉकथ्रू म्हणत. ताई सगळी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, भिंती, जिने, दारं, आणि मग माउसनं त्यातून चालत जायची. दुसरे लोक याची फिल्म करून ठेवायचे. आधीच ठरलेला रस्ता, मागे सतार वाजतेय, आभाळात पक्षी. ताईला फिल्म आवडायची नाही. "फिलिममध्ये आपण नेऊ तिकडंच माणूस जाते," ती म्हणायची. "पाहणारा म्हणाला, जरा डावीकडचं दार उघडा, तर उघडता आलं पाहिजे. नाही तर मंग ते दार कायले काढलं?"

असं कुठलंही दार कधीही उघडता यायला मशीन दणकट लागतं. तो काळा लॅपटॉप तसा होता. पंखा लागला की खोलीत कुलर सुरू झाल्यासारखा आवाज. चार्जर म्हणजे वीट. पण ताईनं त्यात अख्खी सरकारी कॉलनी टाकली तरी तो कुरकुर न करता चालायचा. तो खांद्याला लावून ती स्कुटीवरून साइट ते मंत्रालय ते ऑफिस अशी दिवसभर फिरायची. तिच्या डाव्या खांद्यावर पट्ट्याचा कायमचा वळ होता.

सरांना त्या काळ्याची लाज वाटायची. सर स्वतः नीटनेटके, ताग्यातून आत्ताच काढल्यासारखे शर्ट, पेनसुद्धा बारीक. ते वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "सुषमा, पहले लॅपटॉप दिखता है, फिर बिल्डिंग दिखती है. तुम ये संदूक खोलती हो तो आदमी सोचता है, इनकी बिल्डिंग भी ऐसी ही होगी." म्हणून त्यांनी तो चांदीच्या रंगाचा आणला. ताईनं तो उघडला, तिच्या सगळ्यात लहान इमारतीचं मॉडेल त्यात टाकलं, आणि पडद्यावरचा जिना चढायला घेतला. तो पायरी-पायरीला थांबत होता. "सर, इसको तो दमा है," ती म्हणाली. त्याच आठवड्यात तराजूचं प्रकरण झालं.

पण सरांचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. पंडरीच्या कापडबाजारातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याला शोरूम बांधायचं होतं. ताई नवा लॅपटॉप घेऊन त्याच्या घरी गेली, मी आणि सर सोबत होतो. तिथं पोचल्यावर कळलं की प्रोजेक्टरची जोडवायर तिच्या टेबलावरच राहिली. आता भिंतीवर दाखवणार काय? ताई घटकाभर खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. मग तिनं तो उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरला आणि व्यापाऱ्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटून पाहिला, वजन जोखलं, भावाला दिला. भावानं मुलाला दिला. मुलगा म्हणाला, "पापा, कितना पतला है!" असा तो प्रसादासारखा घरभर फिरला. शेवटी गादीवर बसलेल्या आजीनंही त्याच्यावरून हात फिरवला. काम आम्हाला मिळालं.

बाहेर आल्यावर सर इतके खूश की त्यांनी आम्हा दोघींना लस्सी पाजली. ताईनं ती तीन घोटात संपवली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

"काय झालं वं आता?" मी विचारलं. "काम भेटलं ना."

"भेटलं. बिल्डिंग कोणी पाहिलीच नाही."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ताई आजारी पडली. तिनं ते आम्हाला कसं सांगितलं ते आठवतं. चहाचा कप धुता धुता, पाठमोरी. "छातीत गाठ हाय. ऑपरेशन करायला सांगून राहिले. नागपूरले जातो." नळ चालूच होता. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "तो पंडरीवाल्याच्या शोरूमचा जिना मी अर्धा सोडून चालली, पहिली पायरी उंच झाली हाय, पाहून घेजो." आणि ओले हात ओढणीला पुसत निघून गेली.

ती परत आली तेव्हा पावसाळा सरून गेला होता. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, चेहरा उतरलेला, भुवया जवळजवळ नाहीतच. चाल मात्र तीच. फक्त डावा हात अंगाशी धरलेला. काखेतल्या गाठी काढल्या होत्या, त्या हातानं जड काही उचलायचं नाही, खांद्याला पट्टा लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उजव्या खांद्याला लावला तरी तोल जायचा. स्कुटी बंद, ती ऑटोनं यायची. पहिल्याच दिवशी तिनं तो काळा लॅपटॉप कपाटातून काढला, टेबलापर्यंत आणला आणि ठेवून तिथंच उभी राहिली. कपाळावर घाम आला होता. मी उठले.

"बस तू," ती म्हणाली. "मले कोणी मदत करू नका."

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर चांदीचा लॅपटॉप होता. आणि त्याला कव्हर होतं, कोशाच्या रेशमी कापडाचं, मधाच्या रंगाचं, काठाला बारीक तांबडी किनार. पंडरीतून कापड आणून तिनं आईच्या मशीनवर शिवलं होतं. मी त्यावरून हात फिरवला. म्हटलं, "ताई, तुला तर हा पटत नव्हता."

ती खिडकीपाशी गेली, परत आली. कव्हराचं टोक नीट केलं.

"खरं सांगू? दवाखान्यात आरसा काढून ठेवायले लावला होता मी. सगळं कापून-कुपून, केस गेले, नखं काळी पडली. घरी आली त् आईनं जुने कपडे सैल करून ठेवले होते, गोणपाटावानी. मंग मले वाटलं, हातात काहीतरी सुंदर असावं ना. एखादी तरी गोष्ट." ती हसली. "सर म्हणते ते सगळंच काही चुकीचं नाही वं. सुंदर पाहिजे माणसाले. पण चाललंही पाहिजे ना ते! दोन्ही मांगून राहिली मी, त् लय झालं का?"

ती लगेच विषय बदलून माझ्या ड्रॉइंगवरचं कपाट भिंतीपासून किती लांब आहे ते बघायला लागली.

तेव्हा ऑफिसात एका वसतिगृहाचं काम चालू होतं. नव्या राजधानीच्या वाटेवर, आदिवासी मुलींसाठी. गावागावांतून सहावीपासूनच्या पोरी तिथं राहायला येणार होत्या. सरांनी दर्शनी बाजूला काचेची भिंत काढली होती, रस्त्यावरून जाताना दिसायला फार देखणी. पाण्याचे पाइप त्या बाजूला दिसू नयेत म्हणून संडास-न्हाणीघरांचा ब्लॉक मागे वेगळा, आवाराच्या टोकाला. मधून एक वरून झाकलेली वाट.

ताईनं नकाशा पाहिला आणि त्यावर बोट ठेवलं. "सर, बच्ची को रात में जाना पड़े तो?"

"लाइट है ना रास्ते में. कवर्ड है."

"सर, दूर है."

"सुषमा, पाइप सामने लाऊँ क्या? कैसा दिखेगा?"

ती पुढे वाद घालत बसली नाही. वाद घालायला बसावं लागतं. ती मॉडेलला लागली. सरांनी मीटिंगसाठी फिल्म तयार करवून घेतली होती, सकाळचं ऊन, काचेत आभाळ, दोन वेण्यांच्या मुली हसत आत जाताहेत. ताईनं त्याच इमारतीचं मॉडेल नव्या लॅपटॉपमध्ये घातलं. ते चालेना. मग तिनं त्यातून वस्तू काढायला सुरुवात केली. झाडं काढली, गाड्या काढल्या, फरशीची चमक काढली, काचेतलं आभाळ काढलं. उरल्या नुसत्या भिंती, दारं आणि दिवे. काळ्यावर हे सगळं एका दमात चाललं असतं. मी म्हटलं, "मी उचलते ना काळा. मी येणारच आहे मीटिंगला."

"उद्या तू नसली तर? माझं काम मले माझ्या हातानं नेता आलं पाहिजे." मग जरा नरमाईनं म्हणाली, "चालते आता तो. जरा थांबते, पण चालते."

मीटिंगला मोठे साहेब होते, विभागाचे दोन इंजिनिअर होते, चहा आणि काजू होते. सरांनी फिल्म दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर दिवे लावायला सांगणार तेवढ्यात ताई म्हणाली, "सर, एक बार चल के दिखा दूँ?" सरांनी तिच्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "दिखाइए."

पडद्यावर अंधार झाला. अंधारात पलंगाची कड दिसली, पलीकडे एक दार. साहेब खुर्चीत जरा खाली झुकले.

"इतना नीचे से क्यों दिख रहा है?"

"सर, छठी की लड़की की आँख से है. उतनी ही ऊँचाई रखी है. रात है, उसको बाथरूम जाना है." ताई बोलता बोलता टेबलाच्या कडेनं पुढे-मागे होत होती, तिला राहवत नव्हतं. एका हातानं माउस हलवत होती. "ये उठी. ये दरवाज़ा. ये बरामदा."

बरामदा आला. खोल्यांची बंद दारं एकामागून एक गेली. चित्र थोडं अडखळत होतं. मग तीन पायऱ्या उतरून ती झाकलेली वाट. दोन्ही टोकांना एकेक दिवा, कागदावर होता तसाच. वाटेच्या मध्यावर आलं आणि चित्र थांबलं.

ताईनं माउस हलवला. काही नाही. लॅपटॉपचा पंखा चिरक्या आवाजात फिरायला लागला. मी खाली बघितलं. सर हळूच म्हणाले, "फिल्म लगा दो, सुषमा."

तिनं फिल्म लावली नाही. ती थांबली. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण पाय न हलवता, हात न हलवता अशी उभी राहिलेली पहिल्यांदाच पाहिली. उजवा हात लॅपटॉपच्या कडेवर, डावा अंगाशी.

"गरम हो गया है सर. थोड़ा रुकना पड़ेगा."

समोर ती वाट. मागचा दिवा मागे राहिलेला, पुढचा दूर. बाजूला काळं आवार आणि त्याच्यापलीकडची भिंत. काजूच्या बशीकडे गेलेला एका इंजिनिअरचा हात परत आला.

साहेबांनी विचारलं, "लड़की कहाँ है अभी?"

"यहीं है सर. बीच में."

"अकेली?"

"दूसरी को उठाएगी तो डाँट पड़ेगी ना सर. हम लोग भी हॉस्टल में नहीं उठाते थे. सुबह तक रोक के रखते थे."

पंखा चिरकत होता. मग साहेब सरांकडे वळले. "ये ब्लॉक इतना दूर क्यों रखा है?"

सरांनी पाइपांचं सांगितलं, दर्शनी बाजूचं सांगितलं.

"तो दिखने दीजिए पाइप," साहेब म्हणाले. "या कुछ और सोचिए. अंदर लाइए इसको." आणि त्यांनी कागद पुढे ओढला. चर्चा भराभर पुढे गेली, बजेट, मुदत, टेंडर. मधेच पडद्यावरचं चित्र एक झटका घेऊन हललं आणि पुढे सरकत सरकत संडासाच्या दारापर्यंत गेलं. ते फक्त मी आणि ताईनं पाहिलं.

खाली पायऱ्यांवर सर खूप चिडले. इतका देखणा लॅपटॉप आणून दिला आणि सगळ्यांसमोर बंद पाडलास, फिल्म असताना. ताई ऐकून घेत होती, पण तिचे पाय ऑटो शोधायला निघालेच होते. ऑटोत बसल्यावर मी तिला विचारलं, "ताई, खरं सांग. मुद्दाम थांबवला होतास?"

"वेडी हाय का? मनातल्या मनात त्याले म्हणून राहिली होती, चाल बाप्पा, चाल." तिनं रुमाल सोडून परत बांधला. "पण थांबला त् थांबला. मंग मले वाटलं, आता आपण काहून पळावं? पोट्टी तिथं उभी हाय."

सरांबद्दलही सांगायला पाहिजे. त्यांनी आठ-पंधरा दिवस ताईशी तुटक वागून झाल्यावर नवा नकाशा काढला आणि तो पहिल्यापेक्षा चांगला होता. न्हाणीघरं प्रत्येक मजल्यावर आत आली, पाइपांसाठी एक अरुंद उघडा चौक काढला, त्या चौकातून वारा यायला लागला. काचेची भिंत मात्र त्यांनी सोडली नाही.

वसतिगृह सुरू झाल्यावर आम्ही दोघी बघायला गेलो. ताईचे केस परत आले होते, बारीक, कुरळे, आधीपेक्षा वेगळेच. दुपारची वेळ होती. काचेच्या भिंतीतून असं ऊन आत येत होतं की मुलींनी तिला आतून चादरी बांधल्या होत्या, कुणाची गुलाबी, कुणाची वाघाच्या चित्राची. बाहेरून सगळी दर्शनी बाजू धोब्याच्या दोरीसारखी दिसत होती. ताई हसत सुटली. "सरले फोटो पाठव," म्हणाली. मग ती आत शिरली आणि मला सोडून खोल्याखोल्यांतून फिरत राहिली. सापडली तेव्हा मागच्या स्वयंपाकघरात होती. धूर कोंडला होता, स्वयंपाक करणारी बाई पदरानं डोळे पुसत होती. ताई छताकडे बघत होती. "इथं वर खिडकी पाहिजे होती. कसं लक्षात आलं नाही माह्या?"

परतीच्या वाटेवर तिला खोकला येत होता. मी म्हटलं, धुरानं असेल. ती म्हणाली, असेल.

धुरानं नव्हता. या वेळी नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. ती काही महिने ऑफिसला येत राहिली, मग अर्धा दिवस, मग बंद. सरांनी चांदीचा लॅपटॉप परत मागितला नाही. मी विषय काढला तर म्हणाले, "उसी के पास रहने दो." आणि टेबलावरचे कागद उगाच सरळ करत राहिले.

तिचं घर रेल्वेलाइनीपलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत होतं, वडिलांनी रिटायर झाल्यावर बांधलेलं, दोन खोल्यांचं. आता तिथं ती आणि आई. मी सुट्टीच्या दिवशी जायची. समोरच्या खोलीत, बुद्धाच्या फोटोखाली, खिडकीला लागून तिचा पलंग होता. बसलं की दम लागायचा म्हणून ती उशांवर रेलून असायची. आणि चांदीचा लॅपटॉप छातीवर.

"हे पाह्य," ती मला म्हणाली, श्वास घेत घेत. "काळा असा ठेवून पाहिला असता त् गुदमरून मेली असती. हा ठेवला तरी कळत नाही." पडद्यावर वसतिगृहाचं स्वयंपाकघर होतं. ती त्याच्या छताला वर उघडणारी खिडकी करून बघत होती, धूर जायला. काम कुणी सांगितलं नव्हतं. पलंगावर पडून तिचे पाय चादरीखाली सारखे हलत असायचे, डावा, उजवा, डावा.

मी शेवटची गेले तेव्हा ती बोलायच्या मनःस्थितीत नव्हती. चहा झाला. तिनं सरांसाठी स्वयंपाकघराचं ड्रॉइंग पेनड्राइव्हवर टाकून दिलं, हे आवर्जून द्यायचं, इंजिनिअरला स्वतः भेटायचं, असं दोनदा सांगितलं. मग म्हणाली, "जाय आता तू. मले काम हाय."

"काय काम?"

"हाय ना. जाय."

मी निघाले. बाहेर गल्लीत चपला घालत होते, खिडकी उघडीच होती, पडदा अर्धा. तिची आई आतून हात पुसत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. आईला मुलगी काय काम करते ते कधी नीटसं कळलं नव्हतं. शेजारपाजाऱ्यांनी विचारलं तर ती सांगायची, कॉम्प्युटरवर टायपिंग करते, मोठ्या ऑफिसात.

ताईनं लॅपटॉप जरा तिरका केला. "आई, इकडं पाह्य. पोरींचं घर हाय हे. चाल, आत जाऊ."

चित्र थांबत थांबत पुढे जात असणार, कारण ताई मधेमधे गप्प होत होती आणि आईही गप्प बसून वाट बघत होती. तिला कसली घाई नव्हती.

"हे दार. हा बरामदा. पाह्य, वारा लागते इथं."

"हो वं," आई म्हणाली.

"आता उजवीकडं वळ. सांभाळून. जिना हाय पुढं."

आणि पलंगाच्या कडेवर बसल्या बसल्या आईनं उजव्या हातानं लुगड्याच्या निऱ्या थोड्या वर उचलून धरल्या.